हिरवं बटण

चेहरा ताईचा होता, मग खालचं अंग कोणाचं होतं? पोलिसांना विचारलं, बाबांना विचारलं. पोलिसांनी वही मिटली, बाबा उठून आत गेले.

तो बनावट अश्लील व्हिडिओ माझ्या फोनवर आला त्या दिवशी मात्र मी काहीच विचारलं नव्हतं. "तोंड दाखवू नकोस," असं ओरडून ताईला खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. संध्याकाळी कडी काढली, तेव्हा ताईचा जीव गेलेला होता.

मी वायरमन. चार महिन्यांनी एका शाळेच्या सभागृहात काम निघालं. अशा व्हिडिओंपासून मुलांना सावध करायला एका मॅडमनी पडद्यावरची गोष्ट केली होती. ती मध्येच थांबते; बघणाऱ्यानं बटण दाबलं की त्याप्रमाणे पुढे जाते. पडद्यावर बहीण, बघणारा तिचा भाऊ.

"हिरवं म्हणजे तिला विचारा, लाल म्हणजे तिच्यावर ओरडा. उलटं जोडू नका हं, भाऊ!"

"ते एकदा करून झालंय, मॅडम."

त्या हसल्या. माझं त्यांना काही ठाऊक नव्हतं. चहा सांगायला गेल्या.

बाहेर भर दुपार, पण खिडक्या झाकल्यामुळे आत काळोख. सतरंज्यांचा कुबट वास. पडद्यावरची नटी माझ्याकडे बघत थांबली. मी हिरवं दाबलं.

"नाही रे ढब्बू, ती मी नव्हते..."

मला ढब्बू फक्त ताई म्हणायची.

"मग... कोण?"

"ही. माझ्या मागे. हिचं अंग घेतलं, चेहरा पुसून टाकला... हिला कुणी शोधलंच नाही."

तिच्या मागे एक बाई उभी होती. कपाळापासून हनुवटीपर्यंत कोरी, ओल्या गिलाव्यासारखी.

"आम्ही दोघी अजून आतच आहोत, ढब्बू..."

दिवे लागले. मॅडम दारात होत्या.

"मागची ती बाई कोण, मॅडम?"

"मागची? गोष्टीत एकच नटी आहे, भाऊ."

मी पेचकस उचलला आणि घरी पळालो. खोलीची कडी चार महिने उघडीच होती. तरी दारावर आतून कुणीतरी बोटांनी वाजवत होतं. हळू... दोन हात, दोन वेगळे ताल.

"काय करतोस रे?" बाबा ओरडले.

मी दाराच्या बिजागऱ्यांचे सगळे स्क्रू काढले. जाड लाकडाचं दार, दोन गड्यांनाही जड. मी माझी बाजू उचलली, आणि पलीकडची बाजू आपोआप वर आली. आम्ही तिघांनी ते अंगणात नेऊन ठेवलं.