कोपऱ्याला कोपरा

ताईनं दारावरची बेल दाबायला हात उचलला, आणि आत काहीतरी खळ्ळकन फुटलं!

हा आवाज तिच्या चांगलाच ओळखीचा होता. बाप संतापला की घरात आधी कपबशा फुटत, मग आईवर पाळी येई. एक दिवस तो निघून गेला, आई त्या धक्क्यानं वर्षभरात गेली, आणि एकोणीस वर्षांच्या ताईच्या पदरात सहा वर्षांचा भाऊ पडला. हुबेहूब बाप! तशाच फुरफुरणाऱ्या नाकपुड्या, तसंच क्षणात भडकणं. "खाण तशी माती," शेजारीपाजारी म्हणत. पण ताई कसली ऐकतेय! पुस्तकबांधणीच्या कारखान्यात ती कामाला होती, भाऊ भडकला की त्याच्यापुढे कागदाचा मोठा ताव टाकून म्हणे, "घाल घडी. कोपऱ्याला कोपरा जुळेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही!" तिसऱ्या-चौथ्या तावाला त्याचा श्वास ताळ्यावर येई. त्याच्यापायी तिनं चालून आलेली दोन स्थळं परत पाठवली, आणि त्याची कधी वाच्यताही केली नाही. अशी बहीण शोधून सापडायची नाही!

आणि एवढं सगळं करून एका दिवशी तिनं माती खाल्ली. तरण्याताठ्या भावानं रागाच्या भरात खिडकीची काच फोडली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "शेवटी बापावरच गेलास!"

तो घर सोडून गेला. सात वर्षं झाली त्याला! आता भावजयीनं गुपचूप पत्र धाडलं होतं : "तुमची भाची पाच वर्षांची झाली. हे म्हणतात, ताईला कोणतं तोंड दाखवू? तुम्हीच या."

दार नुसतं लोटलेलं होतं. आधी पोरीला उचलायचं, एवढंच मनात घेऊन ताई आत शिरली... आणि जागीच थबकली. फोडणारा तो नव्हताच! चिमुरडी पोर लालबुंद होऊन उभी होती, पायाशी कपाचे तुकडे, आणि नाकपुड्या... अगदी तशाच!

भाऊ दाराकडे पाठ करून तिच्यासमोर जमिनीवर बसला होता. त्याचेही कान तापले होते, मान ताठरली होती. पण त्यानं वर्तमानपत्राची दोन पानं ओढली, एक पोरीपुढे ठेवलं, एक स्वतःपुढे.

"कोपऱ्याला कोपरा. तोवर दोघांनीही बोलायचं नाही."

पोरीनं एक घडी घातली, दुसरी घातली. मग हळूच विचारलं, "बाबा, मला एवढा राग का येतो?"

"आजोबांकडून आलाय, बाळा. मलाही, तुलाही."

"आणि घडी?"

"ती माझ्या ताईची. ती नसती ना, तर आज मी कागद नसता उचलला... हात उचलला असता."

ताईला हुंदका फुटला. भाऊ गर्रकन वळला.

"ताई!..."

"चुकले रे मी! बापावर गेलास म्हणाले..."

"खरंच तर बोललीस!" त्यानं तिचे दोन्ही हात डोळ्यांना लावले. "गेलोय मी त्याच्यावर. पण त्याच्यासारखा झालो नाही ना, ते तुझ्यामुळे गं!"

"बाबा, बोलायचं नाही!" पोर कमरेवर हात ठेवून ओरडली. "तुमचे कोपरे अजून जुळलेच नाहीत!"

ताईनं पदरानं डोळे पुसले, भाचीशेजारी बसकण मारली, आणि वर्तमानपत्राचं तिसरं पान पुढे ओढलं.