बेचाळीस प्रश्नांचा माणूस

"ओ भाऊ! गाडी काढा तिथून. ताणाच्या तारीले टेकवून राह्यले तुम्ही!"

खाली उभ्या माणसाने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागे वळून कापसाच्या शेतातही पाहिलं. फक्त वर तेवढं पाहिलं नाही.

"वर! वर पाहा ना!"

तेव्हा कुठे त्याची मान वर झाली. नऊ मीटरच्या खांबावर, कमरेला पट्टा, हातात पक्कड आणि वेणी शर्टात खोचलेली रंजिता आडे त्याला दिसली. तो बघतच राहिला... डोळ्यांवर हात धरून, तोंड किंचित उघडं ठेवून.

रंजिताला या नजरेची सवय होती. मुकुटबनच्या वीज लाइनवर येऊन तिला तीन वर्षं झाली होती. तिला खांबावर पाहून माणसं एकतर चेष्टा करत, नाहीतर सल्ला देत. या माणसाने दोन्हीही केलं नाही. मुकाट्याने गाडी हलवली, परत त्याच जागी आला आणि अदबीने म्हणाला, "मॅडम, तिथून लखीराम आडे यांचं घर दिसते काय?"

"दिसते. निळं दार, दारात दोन शेळ्या. काय काम होतं?"

"त्यांच्या लग्नाबद्दल विचारायचं होतं."

पक्कड जागच्या जागी थांबली. "त्यायच्या लग्नाले एकतीस वर्षं झाली."

"म्हणूनच तर—" तो म्हणाला, "टिकलं कसं, ते विचारायचं आहे."

लखीराम आडे म्हणजे तिचाच बाप. हे तिने त्याला सांगितलं नाही. संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा तो अंगणातल्या बाजेवर चहा पीत बसला होता. तिला दारात पाहून त्याच्या बशीतला चहा सांडला.

त्याचं नाव अमर भोयर. केळापूरच्या शेतकऱ्याचा मुलगा. यवतमाळला मानसशास्त्र शिकवत होता आणि पीएचडीही करत होता. विषय असा, की प्रेम जमतं कसं आणि टिकतं कसं. पंचवीस वर्षं एकत्र काढलेली शंभर जोडपी त्याला भेटायची होती. प्रत्येकाला बेचाळीस प्रश्न.

"रागावल्यावर कोण आधी बोलते, असं विचारून राह्यले हे," लखीराम कौतुकाने म्हणाला. "सांग वं लाले, कोण बोलते?"

"मीच बोलते," चुलीपाशी बसलेल्या लालीबाईने आतून उत्तर दिलं. "आन् रागावते बी मीच."

उठता उठता अमरने वहीतल्या रेघा मोजल्या. "काकू आतून चौदा वेळा काही ना काही बोलल्या. शेळी पाहा, वारा सुटला, मीठ संपलं. काकांनी तेरा वेळा उत्तर दिलं."

"आन् चौदाव्यांदा?" रंजिताने विचारलं.

"तोंडात तंबाखू होता."

लालीबाई पदर तोंडाला लावून हसली. अमर मात्र गंभीर होता. अभ्यास असं सांगतो, म्हणाला, की मोठी वचनं देणाऱ्यांपेक्षा एकमेकांच्या क्षुल्लक बोलण्याला ओ देणाऱ्यांचे संसार जास्त टिकतात. रंजिताने बापाकडे पाहिलं. रोज कानावर पडणारं ते "हं... आलो, पाह्यलं..." तिने आजवर कधी मोजलं नव्हतं.

मग तो येतच राहिला. आधी बंजाऱ्यांच्या त्या तांड्यात चार जोडपी होती, मग पाच झाली, मग शेजारच्या कोलामांच्या पोडावरची दोन निघाली. कधी रस्त्यात गाठ पडे, कधी सबस्टेशनच्या फाटकाशी. डिसेंबरात तुरी फुलल्या, बांधावर हरभरा घाट्यांवर आला, तरी याची जोडपी काही संपेनात.

"भोयर सर, तांड्यात एवढी माणसं राह्यतात हे आमाले बी माहीत नव्हतं," ती एकदा म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला. "एक सिद्धांत आहे... माणसाला तेच माणूस आवडायला लागतं, जे पुन्हा पुन्हा नजरेस पडतं."

"असं? मग त् माहा जीव डीपीवर, त्या ट्रान्सफॉर्मरवर बसला असन. रोज पाह्यते मी तिले!"

"डीपी उलट पाहत नाही ना पण—" तो पटकन बोलून गेला. मग दोघंही आपापल्या गाडीच्या आरशात उगीचच काहीतरी शोधू लागली.

असंच एकदा बांधावर घाटे सोलत बसले असताना त्याने तिला दुसरा सिद्धांत सांगितला. पूर्ण प्रेमात तीन गोष्टी लागतात, जवळीक, ओढ आणि बांधिलकी. तिने मान डोलावली. "थ्री फेज. एक फेज गेला तरी मोटर फिरत राह्यते थोडा वेळ. वास आला की समजाचं, जळून राह्यली."

अमरने हातातला घाटा सोलला आणि तो हळू आवाजात म्हणाला, "आमच्या घरी तसंच झालं. आई-बाबा एका घरात राहतात, पण अकरा वर्षांत एकमेकांशी बोलले नाहीत. सांग तुझ्या बापाले, भाकर वाढली... सांग तुझ्या मायले, जेवलो. मी मधातली तार होतो." तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "म्हणून हा विषय घेतला. ज्यांचं टिकलं त्यांनी काय केलं, ते मले माहीत करून घ्यायचं होतं."

तिने सोललेले सगळे हरभरे त्याच्या ओंजळीत टाकले. त्या दिवसापासून ती त्याला सर म्हणेनाशी झाली.

जानेवारीत दिग्रसहून स्थळ आलं. समाजातलंच, मुलगा इंजिनिअर. रंजिताने हे अमरला सांगितलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत उभी राहिली. तिला एकच शब्द ऐकायचा होता. नको.

पण अमरच्या तोंडून पीएचडी बोलू लागली. "अभ्यासाप्रमाणे... समाज सारखा, शिक्षण सारखं, घरचं वळण सारखं असलं की संबंध टिकायची शक्यता वाढते. कागदावर हे स्थळ चांगलंच आहे."

"कागदावर?"

"हो. आणि आपल्यासारखे... म्हणजे वेगळ्या घरचे, वेगळ्या बोलीचे... कागदावर—"

"मी तुमच्या कागदावर राह्यत नाही, अमर," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी खांबावर राह्यते. तिथून लई दूरचं दिसते. तुमाले हातभरावरचं दिसत नाही." तिने गाडीला किक मारली आणि मागे वळून पाहिलं नाही.

पाहुणे फेब्रुवारीत यायचे होते. आदल्या दुपारी गारपीट झाली, गहू आडवा झाला आणि फिडरवरचे सहा खांब पडले. पाहुणे दारात उतरले, तेव्हा नवरी लाइनवर होती. ज्येष्ठ लाइनमन खेमसिंग तिला म्हणाला, "जा पोरी, मी पाह्यतो." पण वीज नसल्याने आठ गावांचं पाणी बंद होतं. खांबावरच्या तारांमधला शेवटचा जंपर जोडून, सप्लाय चालू झाल्याचा फोन आल्यावरच ती घरी निघाली. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर पट्टा. तशीच जाऊन पाहुण्यांसमोर बसली.

मुलाच्या मामाने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "लग्न झाल्यावर हे बंद करा लागन. हाफिसात टेबल पाहून देऊ. बाईची जात खांबावर बरी दिसत नाही."

रंजिताने तोंड उघडलं, पण तिच्या आधी लखीराम उठून उभा राहिला. हा माणूस जन्मभर कोणापुढे मोठ्याने बोलला नव्हता.

"पाव्हणे, तुमी आता ज्या पंख्याची हवा खाऊन राह्यले ना, तो माह्या पोरीनं चालू केला," तो म्हणाला. "कालपासून आठ गावं अंधारात होती. तिले उतरवाचं असन त् ज्या घरात तिनं लाइट पोचवली नाही असं घर शोधा. माह्या घरी चहा घ्या आन् या."

पाहुणे चहा न घेताच गेले. लालीबाईने त्यांचे कप उचलले, त्यातला एक नवऱ्याच्या हातात दिला आणि चिखलाने भरलेल्या पोरीला सगळ्या तांड्यासमोर मिठी मारली. "याडी, चिखल लागन!" रंजिता म्हणत राहिली. लालीबाईने सोडलं नाही.

ही गोष्ट खेमसिंगने अमरला फोन करून सांगितली, अर्थात तिखटमीठ लावून. दुसऱ्या सकाळी सबस्टेशनच्या फाटकाशी अमर उभा होता. आज त्याच्या हातात वही नव्हती.

"कोणतं जोडपं राह्यलं आता?" तिने हेल्मेट न काढताच विचारलं.

"शंभर झाली. कधीचीच झाली." तो फाटकापासून दोन पावलं पुढे आला. "मी त्या दिवशी भ्यायलो, रंजिता. अभ्यासाच्या मागं लपलो. मले तू... तुम्ही आवडता. लई आवडता."

"कोणत्या प्रश्नावरून समजलं?"

"प्रश्नावरून नाही. तुम्ही दिसल्या नाही, त्या अठरा दिवसांवरून."

तिला हसू आलं. हेल्मेटच्या पट्ट्याआड ते लपेना, तेव्हा तिने तोंड फिरवलं. "तू म्हटलं तरी चालते," ती म्हणाली. "पण माह्या बाशी बोलाले येजो. एकटा नको."

रविवारी तो आईला घेऊन आला. विजयमालाबाई भोयर, ताठ पाठीची, कमी बोलणारी बाई. बाबांनी येणार नाही म्हणून सांगितलं होतं आणि अमरने तेही लपवलं नाही. लखीरामने त्याला समोर बसवलं.

"आमी तांड्याचे, तुमी कुणब्याचे. बोली येगळी, देव येगळे. टिकन काय?"

"माहीत नाही, काका," अमर म्हणाला. "शंभर घरं फिरलो. ज्यांचं टिकलं, त्यांनाही आधी माहीत नव्हतं. रोजचं रोज करत गेले."

लखीरामने लालीबाईकडे पाहिलं, तिने मान हलवली. अंगणात उभा असलेला सगळा तांडा ऐकत होता, आणि रंजिताची मान आपोआप ताठ झाली. हा माणूस खोटं बोलून तिला मागत नव्हता.

मग विजयमालाबाईंनी तिला जवळ बोलावलं. तिचे घट्टे पडलेले तळवे आपल्या हातात उलटे करून पाहिले. "एवढ्या वर चढतं वं माय... भेव नाही लागत?"

"लागते ना, मावशी."

"मग?"

"म्हणून पट्टा बांधते. चढणं नाही थांबवत."

विजयमालाबाईंचे डोळे भरले, ते त्यांनी पुसले नाहीत. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं काय रे? पोरगी लाखात एक हाये. आपल्या घरी येऊन राह्यली, हे भाग्य आपलं."

लालीबाईने ताटलीत सोयरिकीचा गूळ फोडून आणला. लखीरामने पहिला खडा विजयमालाबाईंच्या हातावर ठेवला, दुसरा अमरच्या. तिसरा द्यायला तो वळला, तेवढ्यात रंजिताचा फोन वाजला. राजूरच्या बाजूला तार तुटली होती.

"जा," अमर म्हणाला. "मी जेवायले थांबतो."

ती पट्टा खांद्यावर टाकून निघाली. बापाने पुढे होऊन गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला. गाडी तांड्याबाहेर पडली तेव्हा बायापोरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी होती, आणि लाइनवाली रंजिता आडे गालात गूळ धरून, सगळ्यांकडे पाहून हसत निघाली होती.