सातव्या पिंजऱ्यातले डास

एकोणीस वर्षं मी प्रयोगशाळेतल्या डासांना माझा हात चावायला देतेय. पिंजऱ्यात कोपरापर्यंत हात घालायचा, दहा मिनिटं गप्प बसायचं, झालं त्यांचं जेवण! हसा खुशाल. मादीला रक्त मिळालं नाही, तर अंडी कुठून येणार?

सातव्या पिंजऱ्यात मात्र हात घालायचा नाही, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी बजावलं होतं. त्यातल्या डासांना एक विषाणू दिलेला. माणसाला त्याचं काही होत नाही. पण तो ज्या डासात शिरतो, त्याच्यात आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांत तापाचा विषाणू वाढत नाही, अशी मॅडमची आशा. शहरात तापानं माणसं मरत होती, आणि माझ्या लेकीला पाचवा महिना लागला होता.

अडचण एकच. बाहेर सोडायला नेलं, की हे डास उडतच नसत.

त्या सोमवारी सवयीनं हात गेला तो नेमका सातव्यात. लक्षात येईपर्यंत पन्नासेक माद्या हातावर बसल्या होत्या. एकीनंही सोंड टोचली नाही.

माझं डोकंच फिरलं. "बसता काय नुसत्या? जा बाहेर, पसरा सगळीकडे! आणि माझ्या लेकीच्या वाटेला गेलात तर याद राखा!"

सगळ्या एकदम उठल्या आणि दाराच्या जाळीला जाऊन चिकटल्या.

"काय केलंत हो?" मॅडमनी विचारलं.

"रागावले."

त्या हसल्या. त्याच दुपारी, ओळखू यावेत म्हणून पंखांवर गुलाबी पूड टाकून सातवा पिंजरा आम्ही मोकळा केला. चार महिन्यांत तापाचा वॉर्ड रिकामा! शेवटचा रुग्ण चालत घरी गेला, तेव्हा मॅडम आणि मी व्हरांड्यात चक्क नाचलो.

लेक म्हणायची, "आई, हातावर येऊन बसतात, पण चावत नाहीत गं." हे मी मॅडमना सांगितलं नाही.

परवा ती सुखरूप बाळंत झाली. नात मांडीवर घेतली आणि मला आनंदानं रडूच फुटलं.

भर दुपारी उघड्या खिडकीतून डास आले. पलंगाच्या दांडीवर ओळीनं बसले. कुणाच्याच पंखांवर पूड नव्हती. आमचे केव्हाच मेले असणार; हे त्यांच्या नातवंडांची नातवंडं.

मी रुबाबात म्हटलं, "चला, निघा आता."

एकही हलला नाही.

मी आवाज चढवला. तरी नाही.

मांडीवर नातीनं झोपेतच ओठ हलवले.

सगळे उठले आणि खिडकीबाहेर गेले.