उंबऱ्यातला खिळा

मोबाइल खिशात घाला, पोट्ट्यांनो. खोटं वाटलं तर तलमडुगुले जा अन् संघपालले विचारा. माह्या दोस्ताचा पोरगा हाय तो.

जुने फाळ, साखळ्या, बंडीच्या चाकाच्या धावा जोडून तो लोखंडाचे पुतळे करते. हैदराबादचे लोक घेऊन बी जातेत. आमाले त्यातलं घंटा कळत नाय. राहे मालनबाईच्या घरात, भाड्यानं. यंदा पोळा तोंडावर होता, घरात बायको भाग्यश्री अन् तान्ही पोरगी. आंगणात बाईचा पुतळा उभा, फक्त एक डोळा बाकी. मनासारखं लोखंड भेटेना. तवा त्याले उंबऱ्यात ठोकलेला जाडजूड खिळा दिसला. उपटला अन् वेल्डिंगनं लावून मोकळा.

मालनबाई बोंबलली, "काऊन काढला रे? माही जाऊ याच घरात बाळंतपणात गेली. तिची वाट बंद केली होती त्या खिळ्यानं!"

"मावशी, आमी असलं मानत नाय."

मनात म्हणे, म्हातारीले घर खाली पाहिजे. तिचा पोरगा बंडू तर रोज लोखंडावर डोळा ठेवून.

पोळ्याची अवस. पुरणाच्या पोळ्या हाणून गाव झोपलं. लाईन गेली. आंगणात वाजलं... ठण्ण.

बंड्याच! हातोडा घेऊन संघपाल बाहेर निघाला. दार उघडंच राह्यलं.

"निघ बे समोर, चोट्ट्या!"

पुतळ्यापाशी कोणी नाय. कुंपणापाशी नाय. घरात पोरगी रडू लागली. मंग पाळण्याची कडी करकरली... हलक्या आवाजात अंगाई. पोरगी चूप झाली.

चला, भाग्यश्री उठली. तो निवांत कुंपण धुंडू लागला.

मागून बॅटरीचा उजेड. संडासाकडून बायको येऊन राह्यली होती.

"तुमी इथं? मंग... पोरीजवळ कोण हाय?"

दोघंबी धावले.

पाळणा हलत होता. जवळ कोणी नाय. पोरगी झोपेल होती. श्वास... चालू.

संघपालनं छिन्नीनं पुतळ्याचा डोळा तोडला. अंधारातच उंबऱ्यात ठोकला. ठोक्यांनी जागा होऊन बंडू आला. बॅटरी धरून उभा राह्यला.

सकाळी पोरीचं झबलं काढलं. पाठीवर गंजाची पाच बोटं. त्या बोटांखाली, मनगट टेकलं असंल तिथं, बांगड्यांच्या गोल रेघा.

भाग्यश्री बांगड्या घालत नाय.