कुर्लीची मोडलेली नांगी

कुर्ल्या, म्हणजे खाडीतले खेकडे, बाजारात नेण्याआधी त्यांच्या नांग्या सुतळीने बांधायच्या, ही आमच्या घरची रीत. बांधायला वेळ लागतो आणि मी पडले उतावळी. त्या रविवारी मी एका कुर्लीची नांगी सरळ मोडूनच टाकली. म्हटलं, कटकट मिटली.

पण ती उरलेल्या नांगीने मोडलेली जागा सारखी झाकायला लागली. माशाचा तुकडा टाकला, तर ढुंकूनही बघेना. टोपली उचलून मी थेट खाडीवरच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे माझे आजोबा, म्हणजे आबा, पाण्यातल्या जिवांचा अभ्यास करतात.

"आबा, हिला दुखतंय का?"

आबांनी बाबल्याला बोलावलं. बाबल्या म्हणजे त्यांचा यंत्रमानव. त्याच्या हातावर त्यांनी टिचकी मारली.

"हाताला धक्का. जोर कमी," बाबल्या म्हणाला आणि कामाला लागला.

"म्हणजे यालाही दुखलं की."

"त्याला धक्का कळला, उर्वी. याला म्हणतात संवेदन (बदल टिपणं). दाराची घंटाही तुझं बोट टिपते. पण जे टिपलं त्याचं आत बरं-वाईट वाटणं, ती संवेदनक्षमता (सुखदुःख जाणवण्याची शक्ती)."

"मग कुर्लीचं कसं ओळखायचं? ती थोडीच सांगणार?"

"वागण्यावरून. नुसतं आखडून घेणं पुरेसं नाही, लाजाळूही पानं मिटते. पण ही कुर्ली जखम जपते, त्यापायी जेवण सोडते. तेव्हा आत कुणाला तरी दुखत असावं. खात्री मलाही नाही गो."

"खात्री नाही, तर करायचं काय?"

"आपलं चुकलं तर कुणाचं काय जाईल, ते बघायचं. बांधलीस तर तुझी पाच मिनिटं जातील."

मी रडले. खोटं कशाला सांगू?

कुर्ली आबांच्या टाकीत राहिली. चौथ्या दिवशी ती जेवली, तेव्हा कुठे मीही पोटभर जेवले. काही महिन्यांनी तिने जुनं कवच टाकलं आणि इवलीशी नवी नांगी बाहेर आली. मी लाडाने बोट पुढे केलं, तर बाईंनी चिमटाच काढला.

"बोटाला दाब. जोर मध्यम," बाबल्या म्हणाला.

"आणि दुखलं किती?" आबांनी त्याला विचारलं.

बाबल्याने माझं बोट बघितलं. "ते मला दिसत नाही. उर्वीला विचारावं लागेल."

आज बाबांनी होडीतून चाळीस कुर्ल्या आणल्यात. मी सुतळी घेऊन बसलेय आणि बाबल्याला बांधायला शिकवतेय. प्रत्येक गाठीनंतर तो थांबून विचारतो, "फार आवळली का?"

मला नाही, कुर्लीला विचारतो.