डोंगर नावाचा रेडा

मोबाइल ठेवा बाजूला घटकाभर. घराएवढा मासा, बकरी गिळणारा अजगर, दुनियेतली सगळी धुडं त्यात दिसतात, ठाऊक आहे मला. तनवीरलाही तोच नाद होता. तनवीर म्हणजे शकीलचा मेहुणा. शकील आयशर चालवतो, इथंच देवपुरात राहतो, माझ्या उठण्याबसण्यातला माणूस. त्यानं सांगितलं तसंच सांगतो. पदरचं काही घालत नाही.

पौषातली अवस होती, बुधवार. शिरपूरकडून एक रेडा पारोळ्याच्या कृषी प्रदर्शनात पोहोचवायचं भाडं शकीलला मिळालं. रेडा धनसिंगचा. नाव डोंगर. नाव ठेवणाऱ्यानं काही वाढवून ठेवलं नव्हतं. त्याची पाठ उभ्या माणसाच्या डोक्यावर जायची, लोक तिकीट काढून बघायचे. दुपारी गाडीत चढला तसे मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगा, चपटे झाले.

तनवीर मागं हौद्यात त्याच्याजवळच बसला. एका हातानं घास भरवायचा, दुसऱ्या हातानं मोबाइल त्याच्या तोंडापुढं धरायचा.

"हा बघ आफ्रिकेचा हत्ती. खा अजून थोडं, मग तुझाही फोटो येईल यात."

"त्याला काय दाखवतो," शकील पुढून म्हणाला. "होणाऱ्या बायकोला दाखव. ती तरी हसेल."

तनवीरचा निकाह जवळ आला होता. मुमताजनं, शकीलच्या बायकोनं, निघताना बजावलं होतं, "एकच भाऊ आहे मला. नीट घेऊन या."

नरडाण्याजवळ दिवस मावळायला गाडी एकदम कलली. डोंगर गुडघ्यांवर आला होता. तोंडाला फेस. तनवीरच्या मांडीवर मुस्कट टेकवलं, आणि संपला.

आता एवढं धूड काढायचं कसं? ते नेमकं गाडीच्या मागच्या दाराला, फाळक्याला रेलून पडलेलं. फाळका उघडेना. शेवटी कारखान्यांकडची क्रेन बोलावली, पट्टे घातले आणि वरूनच उचललं. पडीक रानात खड्डा, मीठ, माती, सगळं रीतसर झालं. फोन गेल्यावर धावत आलेला धनसिंग डोळे पुसत गाडीपाशी आला.

"शकीलभाऊ, फाळका उघड आन त्याले हाक मार. नही ते तो गाडीमाच राही."

जनावरं वाहणाऱ्यांत ही रीत आहे. गाडीत जनावर गेलं, की फाळका पाडायचा, नाव घ्यायचं, उतर म्हणायचं. मगच चाक हलवायचं. शकीलनं आजवर कधी चुकवली नव्हती. पण हा तर डोळ्यांदेखत वरून गेलेला.

"आभाळातून गेला तो, भाऊ. आता फाळक्यातून कोणाला बोलवू?" म्हणाला, आणि गाडी काढली.

तनवीर मागं हौद्यातच बसून राहिला. रडून दमला होता. पेंढ्यावर घोंगडी ओढून झोपला.

सोनगीर मागं पडलं तेव्हा मध्यरात्र उलटली होती. रस्ता रिकामा. जरा चढ लागला, आणि गाडी दम खाऊ लागली. शकीलनं गिअर उतरवला. मग अजून एक उतरवला. पुढं खड्डा आला. मागचा पाटा खालून धाडकन आदळला.

भरल्या गाडीचा आदळतो, तसा.

"तनवीर."

शकीलनं केबिनच्या मागच्या पत्र्यावर थाप मारली.

"तनवीर, झोपला का रे?"

मग आवाज आला. खर्र... खर्र... लाकडावर कानस फिरवावी तसा. थांबला. परत सुरू झाला.

शकीलनं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. खाली उतरून पाट्यांवर टॉर्च मारला.

चपटे. पार चपटे. टायर दबलेले.

पळावंसं वाटलं त्याला. पण आत मुमताजचा भाऊ होता. खीळ ओढली. फाळका पाडला.

"डोंगर... उतर, बाबा. चल."

काही नाही. खर्र... थांबलं होतं.

"उतर रे..."

गाडी तशीच बसलेली.

आत घोंगडी हलली. तनवीर उठला. डोळे अर्धे मिटलेले. "घर आलं का, दुल्हेभाई?" म्हणाला, कडेशी आला, आणि खाली उडी टाकली.

दोघं रस्त्यावर उभे. वारा नाही. कुत्रं नाही.

आणि गाडी... वर आली.

आधी एक पाटा. मग दुसरा. सावकाश. तनवीरच्या मागोमाग कोणीतरी पाय टाकून उतरावं, तशी.

शकीलनं त्याला केबिनमध्ये कोंबलं. देवपूर येईपर्यंत एकदाही आरशात पाहिलं नाही. गाडी मात्र हलकी पळत होती. अगदी रिकामी.

दारात मुमताजनं भावाच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि झटकन मागं घेतला. डोक्याची डावी बाजू ओलीचिंब होती. केस मानेकडून कपाळाकडं बसलेले, म्हशीनं पारडू चाटावं तसे.

निकाह झाला. आता घरात पाळणाही हलतो. न्हाव्यानं तनवीरचं डोकं दोनदा साफ भादरलं. केस आले ते उलटेच.

आणि त्याची बायको सांगते, सकाळी ते रोज ओले असतात.