सोमवारचं दार

म्युझियमच्या पहारेकऱ्याचा, गिरधरनानांचा आवाज चढला, तशी पुनमने दोन्ही कान दाबून फरशीवर बसकण मारली नि किंचाळायला लागली.

"पोरले बाहेर लई जा, ताई. हाई म्युझियम शे, बजार नही!"

दिपमालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहा वर्षांच्या या बहिणीला घेऊन जावं अशी धुळ्यात जागा तरी कुठे... तेवढ्यात एका तरुणाने खडखडणारा पंखा बंद केला. तो पुनमशेजारी फरशीवरच बसला आणि तिच्या हातात मातीचा बैल ठेवला. पुनम हळूहळू शांत झाली.

"तुम्हाला काय देऊ?" डोळ्यांत हसू आणत त्याने विचारलं.

"आधी नानांना एक बैल द्या," ती म्हणाली.

तो कुंदन, तिथला गाइड. साहेबांचा पिच्छा पुरवून त्याने सोमवार मिळवला. एरवी त्या दिवशी म्युझियम बंद. आता ते पुनमसारख्या मुलांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी उघडायचं – गोंगाट नाही, हात लावायला मनाई नाही. पार चोपड्याहून आईबाप मुलांना घेऊन येऊ लागले. दिपमाला तर एकही सोमवार चुकवेना.

"बैलासाठीच येतेस ना?"

"हो... पण मातीच्या नव्हे."

जीवच जडला होता तिचा. आई गेल्यापासून पुनम तिच्याच पदरी. 'मला नेशील तर हिलाही न्यावं लागेल,' हे तिने आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला होता, 'हे काय सांगायला हवं?'

श्रावणात कुंदन म्हणाला, "रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. सगळी भावकी जमेल. ये ना... आईला तुला सगळ्यांना दाखवायचंय."

ती मोहरली. "पुनमला नवा फ्रॉक शिवते."

"तिला... नको आणू. डीजे असतो, गर्दी असते. तिच्याच भल्यासाठी म्हणतो."

"इथे तू पंखा बंद केलास, कुंदन. घरी डीजे बंद करा म्हणालास?"

"आई म्हणते, चार लोकांत बरं दिसत नाही... लग्नानंतर तिची कुठेतरी सोय बघू."

सोय! दिपमालाचं तोंड कडू झालं. ती कानबाईला गेली नाही. घरी रडून घेतलं.

पुढच्या सोमवारी मात्र ती म्युझियममध्ये आली. पुनमच्या हक्काची जागा ती का सोडेल? पुनमने स्वतःच पंखा बंद केला, बैल घेतला आणि शेजारची फरशी थोपटली... कुंदनसाठी.

"दिपमाला, ऐक तरी –" तो धावत आला.

त्याच्या जागेवर दिपमाला बसली.

"हळू बोला," त्याच्याकडे न बघता ती म्हणाली. "माझ्या बहिणीला आवाजाचा त्रास होतो."